सौम्य बार

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवले आणि या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक कोल्हापूर जिल्ह्यात आलं. त्या कांस्यपदकावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्या रायफलीत भरल्या जाणाऱ्या काडतुसाकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष गेलं. ते काडतूस मुद्दाम हळू बनवलेलं असतं.

पॉइंट टू टू या मापाचं ते काडतूस. शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. स्पर्धेसाठीच्या काडतुसातून ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं सुटते. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणजे ही गोळी आवाजाच्याही मागे राहते. याच मापात आवाजाला मागे टाकणारी काडतुसं मिळतात. पण वेगवान गोळी हवेशी झगडत मंदावते आणि आवाजाच्या वेगाखाली उतरते, तेव्हा तिच्याभोवतीची हवा खवळते आणि गोळी किंचित डगमगते. ज्याला १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात गोळी घालायची आहे, त्याला तेवढंही परवडत नाही. म्हणून सुरुवातच त्या सीमेच्या खालून करायची.

एवढ्यानंही भागत नाही. एकाच कारखान्यात एकाच नावानं बनलेल्या काडतुसांचे लॉट एकमेकांहून सूक्ष्म वेगळे असतात. अव्वल नेमबाज आपली नळी पकडीत घट्ट बसवून एकेका लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो त्याचाच साठा करतात. शेजारच्या खेळाडूच्या तशाच रायफलीला तो मानवेलच असं नाही. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो की स्वप्नील, या खेळात जोर कामाचा नसतो. इतकी थोडी दारू, इतका कमी वेग आणि त्यातून इतका अचूक नेम, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थक्क झालो. कारण नेमका हाच प्रश्न बंदूक जन्मली तेव्हापासून तिच्या मालकाला पडत आला आहे: हिला किती दारू मानवेल?

आज जगभर हजारो हौशी लोक जुन्या बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती चालवतात. इटलीतल्या व्हाल त्रोंपिया या खोऱ्यात पेडरसोली, उबेर्ती यांसारखे कारखाने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या रायफली नव्यानं घडवतात. त्या वापरणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचं उत्तर चुकलं तर नुसता नेम नाही, हात किंवा डोळा जाऊ शकतो.

तोडा, रंजक आणि गज

पुणे–बंगळूर महामार्गापासून थोडं आत, हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव आहे. सेनापती धनाजी जाधवांची समाधी इथे आहे. १७०८ साली त्यांचं निधन झालं. धनाजींची कीर्ती घोडदौडीची, पण त्यांच्या काळातल्या गडांवर आणि पायदळात तोड्याची बंदूक होतीच. ती कशी भरत, हे समजून घेतलं की सौम्य बाराचं सगळं मर्म हाती येतं.

नळी उभी धरायची. तोंडातून मोजून दारू ओतायची. वरून गोळी सोडायची आणि गजानं ठासत ठासत ती दारूवर टेकेपर्यंत खाली न्यायची. नळीच्या बुडाशी बाजूला बारीक कान असतो. त्याच्या बाहेरच्या पाळ्यात चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, टाकायची. चाप ओढला की सोऱ्यात भिजवलेल्या दोराचा जळता तोडा रंजकेवर झुकतो, रंजकेची ज्योत कानातून आत शिरते आणि बार उडतो.

आत जळते ती सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू. तिचा स्वभाव विलक्षण आहे. जळल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, घन कणांच्या रूपात राहतो. बंदुकीतून निघणारा तो दाट पांढरा धूर म्हणजे हेच कण. उरलेला थर नळीला चिकटतो, हवेतली ओल ओढतो आणि लोखंडाला गंज चढवतो. काळ्या दारूची बंदूक गरम पाण्यानं धुण्याची रीत त्यातूनच आली. दाण्याच्या आकारावर तिचा वेग ठरतो: बारीक दाणा झटकन जळतो, जाड दाणा सावकाश. रंजकेला बारीक दारू लागते आणि तोफेला जाड, ती यामुळेच.

उघड्यावर सांडलेली थोडी दारू भसकन जळून जाते, धमाका होत नाही. तीच नळीत कोंडून पुढे जड गोळी ठेवली की वायूला वाट उरत नाही, दाब चढतो आणि गोळी पुढे ढकलली जाते. कोल्हापुरात नवरात्राच्या घटस्थापनेला तोफेची सलामी होते, तेव्हा आवाज शहरभर घुमतो. पण तोफेत गोळा नसतो, म्हणून गोळ्यासह बार काढताना तिच्या भिंतींवर जो ताण येतो त्याच्या मानानं इथला ताण फार कमी असतो. सलामीच्या बारासमोरही उभं राहणं जिवावर बेतू शकतं, हे मात्र विसरू नये. दाब किती चढणार हे तीन गोष्टी मिळून ठरवतात: दारू किती आणि कोणती, पुढचं वजन किती, आणि दारूच्या आसपास मोकळी जागा किती. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी, आणि मला सगळ्यात विस्मयकारक वाटते तीही तीच.

ठासणीच्या बंदुकीची एक खुबी इथे लक्षात येते. दारू कमी घातली तरी गोळी तितकीच खाली जाऊन दारूवर टेकते, त्यामुळे पोकळी आपोआप मिटते. या बंदुकीत बार सौम्य करणं तुलनेनं सोपं असतं. पण गोळी वाटेत अडकली आणि दारू व गोळी यांच्यामध्ये हवा राहिली, तर ती गोळी बुचासारखी वागते. वायू धावत येऊन तिच्यावर आदळतो आणि त्या जागी नळी फुगते, कधी फुटते. तेवढीच दारू आणि तीच गोळी, फक्त काही इंचांची पोकळी, आणि निरुपद्रवी बार घातक होतो. म्हणून जाणकार गजावर खूण करून ठेवतात: रिकाम्या नळीत गज किती जातो आणि नीट भरलेल्या नळीत किती. खूण जुळली नाही तर चापाला बोट लावायचं नाही.

अर्ध्या फेऱ्याची रायफल

१८५३ ची एनफील्ड रायफल काडतुसाच्या चरबीमुळे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्या काडतुसाची रचना मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. कागदाच्या पुंगळीत सुमारे ६८ ग्रेन, म्हणजे ४.४ ग्रॅम, दारू आणि ५३० ग्रेन, म्हणजे ३४ ग्रॅमहून जड, शिशाची गोळी. गोळी नळीहून थोडी लहान असते, त्यामुळे सहज खाली घसरते. पण तिचं बूड पोकळ असतं. बार उडाला की वायू त्या पोकळीत शिरतो, शिशाची पातळ कड बाहेर फुलते आणि नळीच्या आतल्या वळणदार खाचांत, म्हणजे आट्यांत, घट्ट बसते. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावानं ही युक्ती ओळखली जाते. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, असं दुहेरी काम एकाच शिशाच्या तुकड्याकडून करून घेतलं होतं.

या रायफलीचे आटेही पाहण्यासारखे आहेत. एनफील्डची नळी ३९ इंचांची आणि आट्यांचा एक पूर्ण फेरा ७८ इंचांत. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी फक्त अर्धा फेरा घेते. तेवढ्या गिरकीवर ती शेकडो यार्ड सरळ जाते.

आता यात दारू वाढवली तर काय होईल? वेग वाढेल, पण पोकळ बुडाची नाजूक कड वाजवीहून जास्त फाकेल आणि नळीच्या तोंडाशी वेडीवाकडी सुटेल. गोळी भरकटेल. दारू फारच कमी केली किंवा शिसं कठीण निवडलं, तर कड फुलणारच नाही आणि गोळी आट्यांना धरणार नाही. मऊ शिसं आणि योग्य दाब यांची जोडी जमली तरच हे यंत्र चालतं. म्हणून एनफील्डच्या प्रतिकृतीनं ५० किंवा १०० मीटरवर नेम साधणारे लोक लष्करी मापाहून बरीच कमी दारू वापरतात. त्यांना नऊशे यार्डांवरची पलटण थोपवायची नसते. खांद्याला धक्का कमी, नळीवर ताण कमी आणि कागदावर छिद्रं जवळजवळ.

काडतुसाच्या आतली रिकामी जागा

पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली उभा राहिला. बंदुकीच्या इतिहासातला तो मोठा वळणाचा काळ होता. ठासणीची बंदूक मागे पडत होती आणि धातूच्या काडतुसाची बंदूक येत होती. १८७१ साली ब्रिटिश लष्करानं मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. धक्का असा की शिपायाचा खांदा काळानिळा पडे. घोडेस्वार आणि तोफखान्यासाठी याच बंदुकीची आखूड, हलकी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रश्न आला: हलक्या बंदुकीत तोच बार कसा सोसायचा? उत्तर म्हणून सौम्य काडतूस बनवलं गेलं. दारू ८५ वरून ७० ग्रेनवर आणली आणि गोळी ४८० वरून ४१० ग्रेनवर. बंदुकीची घडण तीच, बार वेगळा.

अमेरिकेतही तेच घडलं. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या पायदळी काडतुसात ७० ग्रेन दारू होती, तर घोडेस्वारांच्या आखूड बंदुकीसाठी ५५ ग्रेनचं काडतूस होतं. पुंगळी मात्र तेवढीच होती. १५ ग्रेन दारू कमी झाली की तिची जागा रिकामी पडणार, आणि काळ्या दारूला रिकामी जागा खपत नाही. म्हणून तिथे पुठ्ठ्याची भर घातली गेली, जेणेकरून दारू आणि गोळी एकमेकींना टेकून राहतील. ठासणीच्या बंदुकीत जे काम गज करी, ते काम आता कारखान्यातला पुठ्ठ्याचा तुकडा करू लागला. काडतूस बदललं, बंदूक बदलली, तरी नियम तोच राहिला.

कमी म्हणजे नेहमी सुरक्षित नव्हे

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू तयार केली. ती जवळजवळ पूर्ण वायू होते, धूर नगण्य, आणि वजनाच्या मानानं ताकद कितीतरी जास्त. तिचा स्वभावही वेगळा आहे. दाब वाढला की तिचं जळणं वेग घेतं, जळणं वाढलं की दाब आणखी चढतो. काळ्या दारूत ही चढाओढ बरीच मवाळ असते. म्हणून काळ्या दारूचं माप बघून तेवढीच बिनधुराची दारू घालणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं.

मग कुणी म्हणेल, थोडीशीच घालूया. कथेतलं सगळ्यात अनपेक्षित वळण इथे येतं. बिनधुराच्या दारूत वाजवीहून कमी मापही धोक्याचं ठरू शकतं. दाब पुरेसा चढला नाही तर गोळी नळीत मध्येच अडकते. तो फुसका बार ओळखू आला नाही आणि मागून दुसरा काढला, तर नळी फुटते. सावकाश जळणारी दारू मोठ्या पुंगळीत अगदी थोडी घातल्यावर क्वचित दाब अचानक भयंकर उसळल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामागचं नेमकं कारण काय यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. काही दारूंच्या बाबतीत निर्माते बजावतात की छापील मापाहून तीन टक्क्यांपेक्षा जास्त घट करू नका. आणि झटपट जळणाऱ्या दारूचं माप इतकं लहान असतं की जुन्या, ऐसपैस पुंगळीत चुकून दोनदा पडलं तरी वरून दिसत नाही. सौम्य बार म्हणजे नुसता कमी बार नव्हे. त्या बंदुकीसाठी, त्या दारूत, कुणीतरी मोजून पारखलेला बार म्हणजे सौम्य बार.

नवं पोलाद, जुना सांधा

प्रतिकृती नवी असते, तिचं पोलाद आजचं असतं, मग तिला आजचा तगडा बार का देऊ नये? हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि उत्तर बंदुकीच्या नळीत नसून तिच्या मागच्या बाजूला आहे. बार उडतो तेव्हा वायू गोळीला जेवढा पुढे ढकलतो तेवढाच काडतुसाला मागे ढकलतो. तो रेटा अडवतो बंदुकीचा मागचा बंद. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये हे काम गुडघ्यासारखे दुमडणारे दोन सांधे करतात. १८७३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये बिजागरीवर उघडणारं झाकण करतं. पोलाद कितीही चांगलं वापरा, सांध्याची रचना तीच राहते. प्रतिकृती जितकी प्रामाणिक, तितका तिचा जुना कमकुवतपणाही प्रामाणिकपणे उतरलेला.

हे फरक आकड्यांत बघितले की डोळे विस्फारतात. स्प्रिंगफील्डच्या काडतुसाची दाबाची मान्य मर्यादा चौरस इंचाला २८,००० पौंड आहे, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे १,९०० पट. आजच्या पॉइंट थ्री झिरो एट रायफलीची मर्यादा आहे ६२,००० पौंड. गंमत म्हणजे स्प्रिंगफील्डचं तेच काडतूस आजच्या भक्कम बंदुकांतही चालतं. त्यामुळे दारू भरण्याच्या पुस्तकांत एकाच काडतुसाच्या तीन वेगळ्या याद्या छापतात: जुन्या झाकणवाल्या बंदुकांसाठी एक, तरफेच्या बंदुकांसाठी दुसरी, आणि अतिमजबूत एकबारी बंदुकांसाठी तिसरी. तिसऱ्या यादीतलं काडतूस पहिल्या बंदुकीत सहज बसतं. बसतं म्हणून ते चालतं असं मानलं, की अपघात ठरलेला.

हौशी लोकांच्या संघटनांनी हे शहाणपण नियमांत बांधलं आहे. अमेरिकेतल्या काउबॉय नेमबाजीत रायफलीची गोळी सेकंदाला १,४०० फुटांहून जलद चालत नाही, आणि गोळी शिशाचीच लागते, तांब्याचं कवच नको. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेणारी संघटना १९७१ साली स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतायला बंदी आहे. आधीच्या बाराचा निखारा नळीत धुमसत असला तर अख्खं शिंग हातात उडेल. म्हणून प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगळ्या छोट्या कुपीत आणायची. सतराव्या शतकातले युरोपीय शिपाई छातीवरच्या पट्ट्याला एकेका बाराच्या लाकडी कुप्या लटकवून हिंडत. साडेतीनशे वर्षांनी माणसं पुन्हा त्याच उपायाशी येऊन पोचली.

वाड्यातली बंदूक आणि परीक्षेचा ठसा

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात एक पोटकलम आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल, या दोन्हींच्या परवान्याची तरतूद तिथे शेजारी-शेजारी आहे. डुकरांपासून उसाचं आणि भुईमुगाचं रान राखणाऱ्या शेतकऱ्याची बंदूक आणि ऑलिंपिकच्या वाटेवरच्या पोरीची रायफल, कायद्यानं एकाच पानावर ठेवलेली. परवान्याशिवाय यातलं काहीच नाही, आणि घरी दारू बनवणं किंवा काडतुसावर प्रयोग करणं तर नाहीच नाही.

जुन्या वाड्याच्या भिंतीवर बंदूक टांगलेली असेल, तर ती भरलेली आहे असंच समजावं. काळी दारू कोरडी राहिली तर शतकांनंतरही जिवंत असते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अठराव्या शतकातली एक तोफ वर्षानुवर्षं शोभेला ठेवलेली होती. जानेवारी २०१३ मध्ये ती साफ करताना आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू सापडली, आणि ती दारू अजून पेट घेण्याजोगी होती. म्हणून अशा बंदुकीला हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात कळवावं आणि तपासणी परवानाधारक जाणकारावर सोपवावी.

पण कोणती नळी किती सोसेल हे जाणकारानं तरी कसं ठरवावं? पोलादाच्या आतली चीर डोळ्याला दिसत नाही. १४६० साली रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःचीच तोफ फुटून स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स मेला. त्याच्या हाताशी राज्यातले उत्तम तोफखानेवाले असणार, तरीही त्यांना ते आधी कळलं नाही. यावर माणसानं शोधलेला उपाय मला बंदुकीच्या सगळ्या इतिहासात सर्वांत सुज्ञ वाटतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ साली कायद्यानं उभं राहिलं. तिथे नवी बंदूक माणसाच्या हातात देण्याआधी तिच्यात मुद्दाम जड बार भरतात, आडोशामागून उडवतात आणि मग नळी बारकाईनं तपासतात. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हा परीक्षेचा दाब नेहमीच्या कमाल मर्यादेहून साधारण २५ ते ३० टक्के जास्त असतो. नळी टिकली तर तिच्यावर ठसा उमटवतात. तो ठसा कोणत्या दारूसाठी आहे हेही बघावं लागतं. काळ्या दारूच्या परीक्षेला उतरलेली नळी बिनधुराच्या दारूला उतरेल असं नाही. म्हणून कित्येक प्रतिकृतींच्या नळीवर ‘फक्त काळी दारू’ अशी सूचना कोरलेली असते.

जड बार एकदाच, भिंतीआड, कुणालाही इजा होणार नाही अशा जागी काढायचा, तो नळीची सीमा कळावी म्हणून. त्यानंतर माणसाच्या गालाला दस्ता टेकलेला असताना त्या सीमेच्या खूप अलीकडे राहायचं. ताकद किती आहे हे माहीत असूनही तिच्यातली थोडीच वापरायची, ही शिस्त दारूच्या रसायनानं, शिशाच्या मऊपणानं आणि फुटलेल्या नळ्यांनी मिळून माणसाला शिकवली आहे. अचूक नेम याच शिस्तीतून आला.